गुरुपुष्यावर घेतलेलं पिस्तूल

आधी एक कबूल करा, चहाचा घोट तोंडात असताना हे ऐकायचं नाही. मागे भजनी मंडळात सांगितलं, तर पेटीवाल्या बाईंना असा ठसका लागला की पेटीच्या पट्ट्या नंतर कितीतरी दिवस चिकटत होत्या. तेव्हा कप खाली ठेवा. ठेवलात? मग ऐका माझा शहाणपणा.

मी पिस्तूल घेतलं.

हो, मीच! सोमवार, गुरुवार, प्रदोष आणि चतुर्थी करणारी, झुरळसुद्धा सुपलीत घेऊन अंगणात सोडणारी मी. घाबरू नका, ते हवेचं पिस्तूल आहे. त्यातून बारीकसा छर्रा सुटतो आणि समोरच्या कागदाला भोक पाडतो, बस्स. त्याला परवानाही लागत नाही.

झालं असं, की महिला दिनाला आमच्या भजनी मंडळाला इथल्या नेमबाजी क्लबने बोलावलं. चहा, वडा आणि प्रत्येकीला पाच छर्रे. बाकीच्या किंचाळत होत्या, हसत होत्या. माझी पाळी आली. हात लांब केला, श्वास सोडला, आणि काय सांगू, आजूबाजूचं सगळं थांबलं हो! कुकरची शिट्टी नाही, गॅस संपेल ही धास्ती नाही, कुणाचं दुखणं नाही, कुणाचं लग्न नाही. समोर फक्त एक काळा ठिपका. देवासमोर तासन्‌तास डोळे मिटून बसते तेव्हा जे कधीमधी घडतं, ते इथे डोळे उघडे ठेवून घडलं.

जाधव सर म्हणून तिथले शिकवणारे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "काकू, येत जा तुम्ही."

आणि मी जायला लागले. क्लबचं जुनं पिस्तूल सगळ्यांत मिळून एकच, त्यावरच सराव. काही महिन्यांनी सर म्हणाले, "पुण्याच्या स्पर्धेसाठी आपल्या महिलांचा संघ निवडायचाय. तिघी जातील. निवडीत उतरायचं असेल तर मात्र स्वतःचं पिस्तूल लागेल."

पुणे! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, मी आजवर सोलापूरच्या बाहेर गेले ती कुणाच्या बारशाला, कुणाच्या ऑपरेशनला, नाहीतर कुणाच्या नवसाला. स्वतःच्या कामासाठी म्हणून एकदाही नाही. रात्री देवापुढे बसून सांगितलं, बाबा, मला एवढं एकदा जाऊ दे.

सर चांगले. म्हणाले, "पहिलं पिस्तूल घेताना चुका होतात. फार जड घ्यायचं नाही, दिसण्यावर भुलायचं नाही. मूठ आपल्या हातात बसते का ते मुख्य. शनिवारी मी मोकळा आहे, दुकानात बरोबर येतो."

शनिवारी? लोखंड? शनिवारी कुणी लोखंड घरात आणतं का!

मी पंचांग काढलं, तर गुरुवारी गुरुपुष्य! खरेदीला ह्यापेक्षा चांगला दिवस कुठला? ठरवलं, सरांना कशाला त्रास, ह्यांना घेऊन आपणच जाऊ.

एवढंच मनात आलं नाही, की गुरुवारी माझं मौन असतं.

सकाळी उठल्यापासून सांजवातीपर्यंत शब्द काढायचा नाही. लिहूनही सांगायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच की. ह्या व्रताचं फळ मला कधी मिळायचं ते मिळो, ह्यांना मात्र दर गुरुवारी मिळतं.

वर त्या दिवशी सकाळी नळाला पाणी उशिरा आलं, त्यामुळे जप राहिला. म्हटलं रिक्षात करू. म्हणजे चित्र डोळ्यांसमोर आणा: दुकानात मी शिरतेय, तोंड बंद, पोटात उपास, उजवा हात जपाच्या पिशवीत आणि ओठ हलतायत. मागून हे.

दुकान शकीलभाईंचं. क्रिकेटच्या बॅटी, कॅरम, ट्रॉफ्या आणि एका काचेच्या कपाटात चार-दोन पिस्तुलं.

"बोला साहेब. मुलासाठी का?"

"नाही. हिच्यासाठी."

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"भाभी बोलत नाहीत?"

"गुरुवारी नाही बोलत."

"घरात काही… झालंय का?"

"काही नाही हो. बाकीचे सहा दिवस बोलते, तेवढं पुरतं."

मला वाटलं, उगीच वेळ चाललाय, मुहूर्त टळेल. मी डाव्या हाताने पिस्तुलाकडे बोट केलं आणि मग ह्यांच्याकडे बोट केलं. म्हणजे, हे द्या, पैसे हे देतील. इतकं साधं!

शकीलभाईंनी हळूच किल्ली फिरवून कपाट बंद केलं.

"साहेब," ते ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "कॅरम दाखवू का? नवीन बोर्ड आलाय. कॅरमने डोकं शांत राहतं."

मग ह्यांनी क्लबचं नाव सांगितलं, सरांचं सांगितलं, माझं ओळखपत्र दाखवलं, तेव्हा कुठे किल्ली परत फिरली. पहिलं पिस्तूल समोर आलं. मी ते उचललं. कोणत्या हाताने? अहो, उजवा पिशवीत ना! माळ अर्ध्यात सोडायची कशी? डाव्या हाताने उचललं, भिंतीकडे रोखलं. छे, मूठ हातात बसेचना, अंगठ्याला कुठेच जागा नाही. खाली ठेवलं आणि जड आहे हे सांगायला हात खालीवर केला.

"अजून जड पाहिजे म्हणतेय," हे म्हणाले.

मी जोरात मान हलवली.

"नाही? मग… लहान पाहिजे. नाही? मोठं? अगं काळं नको का? आजच्या वाराचा रंग कुठला, हिरवा?"

"हिरवं नाही येत साहेब."

दुसरं आलं. तेही तसंच, जणू दुसऱ्याचं जानवं गळ्यात. इतक्यात माळ मेरुमण्याशी आली. मी डोळे मिटले, मणी कपाळाला लावला, माळ फिरवली. नेमकं त्याच वेळी, हे मला नंतर कळलं, शकीलभाईंच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे साहेब! भाभी डावखुऱ्या आहेत! आधी नाही का सांगायचं?"

आणि तीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेले हे माझे यजमान काय म्हणाले असतील? विचार करून म्हणाले,

"असेल बुवा."

मी डोळे उघडले तर समोर तिसरं पिस्तूल. हातात घेतलं आणि अंगावर काटा आला! अंगठा आपोआप खोबणीत गेला, तळवा असा टेकला जसा माहेरच्या उंबऱ्याला टेकावा. गुरुपुष्य, एक माळ पूर्ण, दुसरी सुरू, आणि हे पिस्तूल! आणखी कसला कौल हवा? मी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मान डोलावली.

"कुणीतरी मागवलं आणि न्यायलाच आलं नाही," शकीलभाई म्हणाले. "भाभींचीच वाट बघत होतं बघा."

सांजवात लावली, मौन सुटलं. पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि प्रथमच ते उजव्या हातात घेतलं.

डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून बघा एकदा. अगदी तसं! अंगठ्याची खोबण बोटांखाली आणि बोटांची जागा वाऱ्यावर.

"अहो! ही मूठ डाव्या हाताची आहे!"

"हो, तुझ्यासाठी म्हणूनच काढली त्यांनी."

"माझ्यासाठी?"

"म्हणजे तू डावखुरी नाहीस?"

"तीस वर्षं तुमच्या ताटात आमटी कुठल्या हाताने वाढतेय मी?"

"मी आमटीकडे बघतो गं. हाताकडे कोण बघतं?"

शकीलभाईंना फोन लावला. माणूस भला. म्हणाले, "भाभी, बदलून देतो की. पण नवीन मागवायचं तर दिवाळी उजाडेल." आणि निवड तर नवरात्राच्या आधीच होती.

दुसऱ्या दिवशी क्लबात सरांनी पेटी उघडली. पिस्तूल उलटसुलट केलं.

"काकू, हे डाव्या हाताचं घेतलंत?"

इथे मी खरं सांगून टाकायला हवं होतं की नाही? हवंच होतं. पण सर आधीच म्हणाले होते, पहिल्या पिस्तुलात लोक चुका करतात. आणि मी तर त्यांना टाळून गेले होते. कुठल्या तोंडाने सांगायचं, की शनिवारी लोखंड नको म्हणून गुरुवारी गेले, गुरुवारी बोलायचं नव्हतं म्हणून बोलले नाही, आणि जप चालला होता म्हणून हात बदलला नाही? तोंड उघडलं आणि निघालं ते असं:

"मी मुळात डावखुरीच आहे, सर. लहानपणी घरच्यांनी सवय मोडली."

सरांचा चेहरा असा उजळला!

"वाटलंच मला! म्हणूनच तुमचे छर्रे एका बाजूला जायचे! अहो काकू, पोरांचा डावा हात बांधून ठेवायचे पूर्वी. बांधला होता का तुमचा?"

"बांधला होता," मी म्हणाले. एकदा घसरलं की थांबता येतं का?

झालं! सरांनी ते सगळ्या क्लबला सांगितलं. कुणीही नवीन आलं, की "ह्या काकू बघा, लहानपणी ह्यांचा हात बांधून ठेवला होता," असं म्हणत माझ्याकडे बोट. बायका येऊन माझ्या मनगटावरून हात फिरवायच्या. एकीने तर विचारलं, दोरी सुती होती का नायलॉनची?

आता डाव्या हाताने शिकणं आलं. त्याला तर नैवेद्याचं पाणीसुद्धा फिरवायची सवय नाही, तो कसला नेम धरतोय! सर म्हणाले, घरी रोज भरलेला तांब्या डाव्या हातात धरून हात सरळ लांब करायचा, भिंतीवर ठिपका काढायचा आणि बघत उभं राहायचं. मी गच्चीत उभी राहायला लागले. ओठांवर नाव, हातात तांब्या, नजर ठिपक्यावर.

चार दिवसांनी शेजारच्या पद्माअक्का कठड्याशी आल्या. त्या तेलुगू, घरात चादरींचं काम, आणि व्रतवैकल्यांत माझ्याही एक पाऊल पुढे.

"अय्यो ताई, हे कुठलं व्रत चालू केलंत? मला नाही सांगितलं?"

"व्रत नाही हो अक्का. पिस्तुलासाठी आहे."

"असू दे, असू दे. फळ नका सांगू. सांगितलं की जातं."

दुसऱ्या दिवशी पाहते तर अक्का त्यांच्या गच्चीत तांब्या धरून उभ्या! डाव्या हातात! आठवडाभरात गल्लीतल्या आणखी तिघी उभ्या राहिल्या. एकीने येऊन उद्यापन कधी आणि किती सवाष्णी जेवायला घालायच्या ते विचारलं. दुसरीचा दुखरा खांदा म्हणे सुटला. मग मी तरी कशाला बोलू?

फक्त एकदा फार वाईट अडकले. सर तुळजापूरहून आले आणि प्रसादाचा पेढा पुढे केला. मी सवयीने उजवा हात पुढे केला.

"काकू! आता कशाला दबायचं? डावा हात करा, बिनधास्त!"

डाव्या हाताने प्रसाद? देवीचा? सगळा क्लब बघत होता.

"प्रसादाला उजवाच राहू द्या सर," मी म्हणाले. "देवीला अजून सांगितलं नाहीये मी."

सरांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं, केवढी दडपणात वाढलीय बाई!

पण गंमत सांगू? तो डावा हात हळूहळू शिकला. उजव्याला सगळं येतं, म्हणून तो घाई करायचा. डाव्याला काहीच येत नव्हतं, म्हणून तो बिचारा सांगितलेलं ऐकायचा. छर्रे ठिपक्याच्या जवळ जवळ यायला लागले. कधी कधी आतही! मी घरी येऊन त्या हाताला तेल लावायचे, लाडाने.

मग निवडीचा दिवस आला, आणि त्याच दिवशी बार्शीहून आई आली.

माझी आई म्हणजे चालतंबोलतं वादळ. लेक बंदूक चालवती म्हणून बघायला एस.टी.नं आली होती, नऊवारी सावरत. मी तिला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "आई, इथे काही बोलायचं नाही हं." चूक! तिला बोलू नको म्हणणं म्हणजे नारळ फोडून सुरुवात करून देणं.

सर नमस्कार करायला गेले आणि जवळ बसले. मी नावनोंदणीच्या रांगेत. कानावर आलं ते हे:

"आजी, राग मानू नका. पण काकूंचा हात तुम्ही बांधायला नको होता."

"कुनाचा हात?"

"काकूंचा. लहानपणी. डावा."

"सुमीचा? आन् कुनी बांदला?"

"तुम्ही ना! त्या डावखुऱ्या होत्या म्हणून."

"डावरी? ही?" आईचा आवाज अख्ख्या शेडमध्ये घुमला. "आवो मास्तर, हिला डाव्या हातानं धड माशी हाकता यत न्हाई! कुनी सांगितलं तुमाला? म्या कशाला हात बांदू, तोंड बांदलं आसतं तर चाललं आसतं!"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मनगटावरून हात फिरवणाऱ्या बायका, दोरीची चौकशी करणारी बाई, सगळ्याच. धरणीमाते, पोटात घे, म्हटलं. पण खाली सिमेंट होतं.

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. शनिवार, गुरुपुष्य, मौन, माळ, शकीलभाई आणि "असेल बुवा" सकट. सांगताना रडूच आलं, कारण पुणं तर गेलंच होतं, वर तोंड दाखवायलाही जागा राहिली नव्हती.

सर ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागाने. बघते तर हा माणूस भिंतीला धरून हसतोय!

"काकू… काकू, अहो, मूठ वेगळी मिळते!"

"म्हणजे?"

"म्हणजे पिस्तूल दोन्ही हातांना एकच. फक्त ही लाकडी मूठ बदलायची. एक स्क्रू असतो! क्लबच्या कपाटात उजवी मूठ पडलीय की!"

एक स्क्रू.

मी महिनाभर तांब्या धरून गच्चीत उभी होते. गल्लीतल्या चार बायका उभ्या होत्या. एका स्क्रूपायी!

त्यांनी मूठ आणली, पेचकस फिरवला, दोन मिनिटांत पिस्तूल उजव्या हाताचं झालं. "घ्या. बघा सरावाचे छर्रे मारून."

उजव्या हातात ते कसं चपखल बसलं! मी नेम धरला, श्वास सोडला आणि छर्रा मारला. कागदावर भोकच नाही. दुसरा मारला, तो कागदाच्या पार कोपऱ्यात. इतके दिवस आयतं बसून उजव्याला सुस्ती चढली होती.

"सर," मी हळूच म्हटलं, "ती डावी मूठच परत लावता का?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत पेचकस फिरवला.

मी उभी राहिले. पुन्हा सगळं थांबलं. मागे आई आहे, बायका हसतायत, आज स्वयंपाक व्हायचाय, काही काही नाही. काळा ठिपका, आणि माझा तो सांगितलेलं ऐकणारा, भोळा डावा हात. एकेक छर्रा सोडत गेले. शेवटचा सुटला तेव्हा कळलं की संपले.

निकाल लागला. पहिली, दुसरी, आणि तिसरं नाव माझं! मी चालले होते हो पुण्याला! कुणाच्या बारशाला नाही, कुणाच्या ऑपरेशनला नाही. आईच्या पाया पडायला वाकले तर तिने मला वर उचललं आणि माझ्या डाव्या हातावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग फोन काढून बार्शीला भावाला लावला आणि अख्ख्या क्लबाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली:

"आरं, निवडली सुमीला! व्हय, डाव्या हातानं! आरं जन्माचीच डावरी हाय ती! म्याच मेलीनं ल्हानपनी हात बांदून ठिवला हुता पोरीचा!"

सरांनी पेचकस खिशात घालता घालता तो तसाच धरला.

"काकू," ते म्हणाले, "आता शेवटचं विचारतो. संघाच्या यादीत काय लिहू? उजव्या की डाव्या?"

मी तोंड उघडलं. आणि तुमच्या गळ्याची शपथ, त्या घटकेला माझं मलाच आठवेना!